सटरचा किल्ला नेमका कोणी बांधला?

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरात सटरचा किल्ला पाहून आलेले लोक एक कथा हमखास सांगतात: १८३९ मध्ये जॉन सटर ओसाड रानात आला, त्याने स्वकष्टाने किल्ला उभारला, थकल्याभागल्या वाटसरूंना आसरा दिला आणि अखेर सोन्याच्या शोधाने त्याला धुळीस मिळवले. किल्ला स्वतः पाहिल्यावर मला ही कथा मान्य करता येत नाही.

ते रान ओसाड नव्हते. तिथे निसेनान आणि मिवोक हे मूलनिवासी लोक राहत होते. १८३३ च्या तापाच्या साथीने त्या खोऱ्यातली हजारो माणसे नेली, तरी उरलेल्या वस्त्या नांदत होत्या.

'स्वकष्टाने' हा शब्द मला सर्वांत अधिक खटकतो. कच्च्या विटा पाडणे, भिंती रचणे, गहू कापणे, गुरे राखणे ही कामे मुख्यतः याच लोकांनी केली, आणि मजुरीपोटी त्यांना टिनचे बिल्ले मिळत, जे फक्त सटरच्याच दुकानात चालत. तिथे येऊन गेलेल्या जेम्स क्लायमन या अमेरिकन प्रवाशाने नोंदवले आहे की सटरने सहाशे ते आठशे मूलनिवासींना पूर्ण गुलामीत ठेवले होते आणि भर उन्हात ठेवलेल्या डोण्यांमधून त्यांना डुकरांसारखे खायला घातले जाई. (आज दिसणाऱ्या तटभिंतीही त्यांच्या हातच्या नाहीत, त्या १८९१ पासूनच्या पुनर्बांधणीतल्या आहेत, मूळची उरली आहे ती मधली दुमजली इमारत.)

सोन्याच्या शोधानंतर त्याच्या जमिनीवर घुसखोरी झाली, हे खरे आहे. परंतु १८३४ मध्ये तो युरोपातून निघाला तोच कर्ज आणि कुटुंब मागे टाकून, आणि १८४१ मध्ये रशियनांकडून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील फोर्ट रॉस या त्यांच्या वसाहतीची मालमत्ता त्याने ३०,००० डॉलरला घेतली, तीही उधारीवर. १८४८ च्या जानेवारीत सोने सापडण्याच्या कितीतरी आधीपासून तो देणेकरी होता.

आसऱ्याची गोष्ट मात्र खोटी नाही. कॅलिफोर्नियाकडे येताना डोंगरात हिमात अडकलेल्या डोनर या स्थलांतरितांच्या तांड्यासाठी १८४७ मध्ये मदत निघाली ती याच किल्ल्यातून. त्याआधी सटरने शिधा लादलेल्या खेचरांबरोबर लुईस आणि सॅल्व्हाडोर हे दोन मिवोक तरुण पाठवले होते. बर्फातून वाट काढताना त्याच तांड्यातल्या एकाने त्या दोघांना गोळ्या घातल्या आणि उपाशी सोबत्यांनी त्यांचे मांस खाल्ले. आसऱ्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी ही दोन नावेही घ्यावीत.