पातेल्यातला वाद आणि गोठ्यातला बैल

डब्लिनमध्ये डिसेंबरातला सूर्य चारच्या सुमारास मावळतो, आणि अशा रविवारी जाड बुडाच्या भांड्यात बीफ आणि भाज्यांचा स्ट्यू मंद आचेवर चढवण्याची आता आमच्या घराला सवय झाली आहे. मागच्या रविवारी भांडे रटरटत असतानाच बेळगावहून धाकट्या भावाचा फोन आला. काय शिजते आहे ते मी खरे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, तिकडे बसून तुला सोपे आहे." ते बोचले, कारण ते खरेच होते.

हा पदार्थ घाईचा नाही. पिंढरीचे मांस चिवट असते, पण अडीच-तीन तासांच्या संथ उकळीत त्यातल्या कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि रश्शाला जो दाटपणा येतो तो पीठ लावून येत नाही. तुकडे फडक्याने टिपून थोडे थोडेच परतावेत. सगळे एकदम टाकले की पाणी सुटते आणि मांस तांबूस होण्याऐवजी उकडते. मग कांदा, गाजर, सेलरी, तमालपत्र. बटाटा मात्र शेवटच्या पाऊण तासात, नाहीतर त्याचा लगदा होतो. मी रंगासाठी ब्याडगी मिरचीची पूडही घालते, इथल्या पाककृतीत ती नसली तरी. कुकरने वेळ वाचतो, पण रस्सा आटत नाही.

मांसाच्या पाकिटावर जनावर कोणत्या देशात जन्मले, कुठे वाढले आणि कुठे कापले गेले हे छापलेले असते. वेड्या गाईच्या रोगानंतर युरोपीय संघाने २००० सालच्या नियमाने ते सक्तीचे केले. इथे चौकशी जनावराची होते, आपल्याकडे खाणाऱ्याची.

बेळगाव कोणाचे यावर १९५६ पासून दोन राज्यांचे पटलेले नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बैलाच्या बाबतीत मात्र दोघांचे सूर जुळले: महाराष्ट्राने २०१५ मध्ये बैल कापण्यावर बंदी घातली, कर्नाटकाने २०२१ मध्ये. त्याआधी कर्नाटकात १९६४ च्या कायद्याने बारा वर्षांवरचा किंवा कामातून कायमचा गेलेला बैल कापता येत असे. आता ही सूट फक्त तेरा वर्षांवरच्या म्हशी-रेड्यांना उरली आहे. कर्नाटकातली ही बंदी आली तेव्हा गोव्यात बीफची टंचाई झाल्याच्या बातम्या पुष्कळ आल्या, कारण तिथला मोठा पुरवठा आमच्याच भागातून होत असे. पण बैल विकणाऱ्या शेतकऱ्याबद्दल फारच थोडे लिहिले गेले. खानापूर तालुक्यातले आमचे मामा बीफ खात नाहीत आणि कधी खाणारही नाहीत, तरी थकलेल्या बैलाच्या पैशांत भर घालून नवी जोडी घेणे हा त्यांचा हिशेब होता. तो मोडला, आणि न ओढणाऱ्या बैलाच्या वैरणीचा खर्च मात्र त्यांच्याच माथी आला. बैल पवित्र असेल तर त्याची वैरणही सर्वांनी मिळून द्यावी, असे मला वाटते. श्रद्धा समाजाची आणि बिल एका कुणब्याचे, हे मला पटत नाही.

याचा अर्थ माझे भांडे फार धीट आहे असा नव्हे. आई इथे तीन महिने राहून गेली, तेव्हा ते कपाटातच होते. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. त्या रविवारी भावाशीही मी वाद घातला नाही. बटाटे टाकायची वेळ झाली होती, आणि मामांच्या गोठ्यातला म्हातारा बैल अजून आहे का, हे विचारायचे राहूनच गेले.