व्हीटीपी लावलं म्हणजे व्हीलॅनचं काम संपलं?

पाऊस ओसरला की कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत सीझनची डागडुजी निघते. आयटीवाल्यांत तेव्हा व्हीटीपीबद्दल (सिस्कोच्या स्विचांत व्हीलॅनची, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यांची, यादी पसरवणारी सोय) हमखास फिरणारा सल्ला असा: ‘सिस्कोचा एक स्विच व्हीटीपी सर्व्हर करा, बाकीचे क्लायंट. नवा स्विच जोडला की व्हीलॅन आपोआप सेट. क्लायंट काही बिघडवू शकत नाही, वर पासवर्ड आहेच.’

‘आपोआप सेट’ म्हणजे काय? ट्रंकवरून (स्विचना जोडणारी, अनेक व्हीलॅन वाहणारी लाइन) येते ती व्हीलॅनच्या नंबरांची आणि नावांची यादी. गेस्ट वायफाय २०, सीसीटीव्ही ३०, बिलिंग ४० हे नव्या स्विचला कळतं. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये, हे कळत नाही. कोऱ्या स्विचचे पोर्ट व्हीलॅन १ मध्येच राहतात. ट्रंकच्या अलाउड (परवानगीच्या) यादीत ३० नसेल तर पोर्ट नीट लावूनही कॅमेरा दिसणार नाही.

‘क्लायंट निरुपद्रवी’ हा समज सगळ्यांत महाग पडतो. व्हीटीपीच्या आवृत्ती १ आणि २ मध्ये यादी कोणाची खरी, हे मोडवर (सर्व्हर की क्लायंट) नाही, रिव्हिजन नंबरवर (यादी बदलली की वाढणारा आकडा) ठरतं. डोमेन (व्हीटीपी गटाचं नाव) आणि पासवर्ड जुळले, चालू नेटवर्कचा नंबर १२ आणि टेबलावर चाचणी करून आणलेल्या स्विचचा ४८, तर तो क्लायंट असला तरी त्याचीच यादी सगळीकडे जाते, सर्व्हरवरसुद्धा. त्या यादीत ४० नसेल तर बिलिंगचे सगळे पोर्ट निष्क्रिय. पोर्टवरची नेमणूक मात्र पुसली जात नाही. सर्व्हरवर ४० पुन्हा बनवला की पोर्ट जागे होतात. रात्री अकराला केबल तपासत फिरू नका, आधी ‘शो व्हीटीपी स्टेटस’ बघा.

पासवर्ड परक्या स्विचला अडवतो. आपल्याच स्टोअरमधून परत आलेल्याला तो पाठ असतो.

‘स्टार्टअप-कॉन्फिग (सेव्ह केलेली सेटिंग्ज) पुसलं की स्विच कोरा’ हेही चूक. व्हीलॅन आणि रिव्हिजन फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन.डॅट’मध्ये राहतात. ती फाइल डिलीट करून रीलोड करा, किंवा ट्रंक जोडण्याआधी मोड ट्रान्सपरंट (इतरांची यादी न घेणारा) करून परत क्लायंट करा. नंबर शून्य होतो. जोडण्यापूर्वी तो शून्य दिसलाच पाहिजे.

आवृत्ती ३ मध्ये फक्त प्रायमरी सर्व्हरचे बदल चालतात, म्हणून व्हीटीपी हवंच असेल तर तीच. पण आठ-दहा स्विचच्या हॉटेलात आमचं मत सरळ आहे: सगळे ट्रान्सपरंट ठेवा, व्हीलॅन हाताने लिहा. फायदा असा की ते रनिंग-कॉन्फिगमध्ये (चालू सेटिंग्जमध्ये) दिसतात, बॅकअपमध्येही येतात. सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅन १ ते १००५ तिथे दिसत नाहीत.

दुसऱ्या कंपनीचा स्विच मध्ये असेल तर व्हीटीपीचा विषयच मिटला, ते सिस्कोचं स्वतःचं आहे. असंच काम करणारा, सगळ्या कंपन्यांसाठी खुला पर्याय एमव्हीआरपी, तोही ट्रंकपुरताच.

पोर्टच आपोआप हवे असतील तर ८०२.१एक्स (पोर्टवर जोडलेल्याची ओळख पटवणारी पद्धत) लावा. रेडियसने (ओळख तपासणारा सर्व्हर) स्विचला तीन गोष्टी पाठवायच्या: टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीत व्हीलॅनचा नंबर. ज्या कॅमेऱ्याला ८०२.१एक्स येत नाही, त्याची ओळख मॅक पत्त्यावरून (उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक). मॅक नक्कल करता येतो, तेव्हा त्या व्हीलॅनमधून फक्त रेकॉर्डरपर्यंतचीच वाट मोकळी ठेवा.