"नेमकं कुठे?" हे एकदाच सांगावं लागलं पाहिजे

अपघाताचं ठिकाण, जखमींची संख्या आणि फोटो पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल या सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी दिसावेत, हे अपघाताच्या वेळी वापरायच्या अ‍ॅपबद्दलच्या तुमच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं.

मागच्या पावसाळ्यात पारोळा आणि एरंडोलच्या मधे रात्री केळीचा ट्रक उलटलेला आम्ही पाहिला. चालकाचा पाय केबिनमध्ये अडकलेला. मी तीन ठिकाणी फोन केले, तिन्हीकडे एकच प्रश्न, "नेमकं कुठे?" शेवटी चिखलात टॉर्च मारत किलोमीटरचा दगड शोधला. रुग्णवाहिका आली, पण पत्रा कापायचं कटर लागेल हे कोणी कोणाला कळवलंच नव्हतं. तो माणूस आणखी पाऊण तास तसाच कण्हत होता.

आयआयटी मद्रास आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने केलेल्या, रस्ते अपघातांची नोंद ठेवणाऱ्या आयरॅड अ‍ॅपमध्ये पोलीस जागेवरूनच ठिकाण आणि फोटो भरतात. पण ती नोंद मुख्यतः पुढच्या अभ्यासासाठी. धावत येणाऱ्यांना तेच आधी मिळायला हवं. टँकर असेल तर त्यावरच्या पाटीचा फोटो सगळ्यात आधी; त्यावरच्या यूएन क्रमांकावरून (धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) आत काय आहे, पाणी मारायचं की नाही, हे बंबवाल्यांना निघतानाच कळेल. आणि चाळीसगावकडच्या घाटात रेंज गेली तर साध्या एसएमएसवर काम चाललं पाहिजे.

गावातले लोक मदतीला घाबरतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आहे, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. लेखात सुचवलेल्या अ‍ॅपवर हे पहिल्याच पानावर मराठीत लिहा.