तोंडात तेल धरून

ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी सुरू होतो आणि एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. जूनमध्ये ठाण्यात सूर्य सहालाच हजर, म्हणजे साडेचारला उठा. जानेवारीत तोच सव्वासातपर्यंत ताणतो, म्हणजे पावणेसहाही चालतात. आयुर्वेदातल्या दिनचर्येचा मुहूर्त मी जानेवारीत धरला तो प्रकृती बघून नव्हे, ही वजाबाकी करून.

वैद्यबाईंनी बजावलं होतं, "आधी नुसती जीभ घासायची. ते अंगवळणी पडलं की पुढचं बघू." पण तांब्याचा टंग क्लीनर, तिळाचं तेल, उटणं, काशाची वाटी असा सगळा रुखवत टेबलावर मांडल्यावर धीर कुणाला? रविवारी रात्रीच तळपायांना तूप लावून वाटी फिरवली. दहा मिनिटांत पाय असे काळे, जणू कोळशाच्या वखारीत कामाला होते. शेजारच्या काकू म्हणतात, ती अंगातली उष्णता. मला विचाराल तर तो तुपात घासलेल्या काशाचा रंग. झोप मात्र मेल्यासारखी लागली, आणि काळा रंग चादरीला लागला.

सोमवारी जीभ घासली, कोमट पाणी प्यायले. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं ग्रंथातच म्हटलंय, कपाळाला घाम आला की थांबायचं. मला तो बूट शोधतानाच आला. अभ्यंगासाठी माळ्यावरून आईचं तांब्याचं घंगाळ काढायचं होतं, तर ते तिथे नव्हतंच. रंगारी येऊन गेल्यापासून निम्मं घर जागेवर नाही, म्हणून सोडून दिलं आणि गंडूषाकडे वळले.

तेल तोंडात घेऊन खळखळवलं तर तो कवल. हलवायलाही जागा उरणार नाही इतकं भरून नुसतं धरून ठेवलं तर तो गंडूष. तोंडात कफ दाटेपर्यंत किंवा नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत धरायचं, गिळायचं नाही. मी तोंड भरून घेतलं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसले.

तेवढ्यात हे पेपर घेऊन आले. "चहा टाकतेस ना?"

मी मान हलवली. नाही.

सत्तावीस वर्षांत या प्रश्नाला हे उत्तर पहिल्यांदाच मिळालं असावं. हे पेपर खाली करून बघायला लागले. "रागावलीस?"

मी जोरजोरात मान हलवली. तोंड गच्च भरलेलं असताना जोरात मान हलवली की गाल थरथरतात, आणि ते रागासारखंच दिसतं.

"ताईला आठ दिवस राहायला ये म्हटलं, म्हणून?"

हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या भुवया वर गेल्या.

"बरं, पंधरा दिवस. पण ती स्वयंपाकात मदत करते गं."

मी बोटाने तोंडाकडे खूण केली. ह्यांनी तिचा अर्थ 'माझं तोंड उघडायला लावू नका' असा घेतला असणार, कारण हे खुर्ची ओढून समोरच बसले. आणि नेमकं तेव्हाच गंडूषाने लक्षण दाखवलं. आधी नाक वाहायला लागलं, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. ग्रंथात लिहिलंय तस्सं. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

ह्यांचा चेहरा उतरला. "अगं, रडू नकोस ना! तुला कुणी सांगितलं? घंगाळ मीच दिलं भंगारवाल्याला. माळ्यावर नुसतंच पडलं होतं, मला वाटलं..."

आईचं घंगाळ! मी उठले. पण थुंकायचं कुठे? तेल बेसिनमध्ये टाकलं की पाइप तुंबतो, डबा रिकामा करायला खाली गेलेला. ह्यांच्या हातातला पेपर ओढला आणि अग्रलेखावर सगळं तेल सोडलं. मग कोमट पाण्याने शांतपणे दोन चुळा भरल्या. एवढा वेळ हे उभे होते, बिनकागदाचे.

"केवढ्याला?" मी विचारलं.

"साडेचारशे."

चार किलो तांबं! अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य सांगितलाय. ही बातमी मला पचणं शक्यच नव्हतं, तेव्हा त्या दिवशी अभ्यंग राहिला. नंतर कळलं की रोज सर्वांगाला जमलं नाही तरी डोकं, कान आणि तळपाय चुकवू नयेत. तेवढं मी करते. कानात तेल घातल्यावर तासभर ह्यांचं काही ऐकू येत नाही, हा त्यातला वेगळा गुण. उटणं दिवाळीसाठी ठेवून दिलंय, पहाटेचा गजर थंडीबरोबर संपला.

गंडूष मात्र एक दिवस चुकवला नाही. मंगळवारी धाकट्या दिरांना परस्पर दिलेल्या वीस हजारांचा पत्ता लागला. गुरुवारी कळलं की साखर तपासायला हे गेलेच नव्हते, लॅबच्या नावाखाली मिसळ खाऊन आले. मी काही विचारत नाही. नुसती स्टुलावर बसते.

काल सकाळी ओट्यावर तेलाची बाटली दिसली नाही. शोधत बाहेरच्या खोलीत गेले तर हे खुर्चीत ताठ बसलेले, समोर बाटली, हातात कालचा पेपर आणि दोन्ही गाल टम्म फुगलेले.