घरोघरी पाणीखातं

धरणात पाणी किती आहे, हे नळ कोरडा पडेपर्यंत कुणी विचारत नाही. एरवी ज्यांना स्वतःच्या बँकेतली शिल्लक धड सांगता येत नाही, अशी माणसं कपात जाहीर झाली की लिफ्टमध्ये ‘उपयुक्त साठा’, ‘आवक’, ‘बाष्पीभवन’ असे शब्द वापरू लागतात. आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. ते टीएमसीखाली बोलतच नाहीत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरच्या हिशेबात सुमारे २,८३२ कोटी. इतक्या कोटींची उलाढाल तळमजला ते चौथा मजला या प्रवासात उरकून ते घरात शिरतात आणि अर्ध्या बादलीवरून मुलाला फैलावर घेतात. भिंतीतून ऐकू येतं.

पेपरात रोज छापून येतो तो टक्का उपयुक्त साठ्याचा असतो, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं. धरणातून पाणी बाहेर काढायची दारं ठरावीक उंचीवर असतात. त्यांच्याही खाली जे पाणी उरतं तो मृत साठा. तो आपल्या पायाने बाहेर येत नाही, पंप लावून उपसावा लागतो. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरावर २०१४ साली ती वेळ आली आणि त्यांनी खरोखरच तळ उपसून लोकांना पाणी पाजलं. हे ऐकल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पाणी दोनदा उकळतात. आपल्याकडे अजून मृत साठ्याला हात लागलेला नाही, असं त्यांना सांगून पाहिलं. ‘लागल्यावर कोण कळवणार आहे?’ असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शहराचा हिशेब तसा साधा असतो. मुंबईचंच बघा. सातही तलाव काठोकाठ भरले की साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी जमतं, आणि रोज लागतं ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. भागाकार केला तर वर्ष जेमतेम सरतं. म्हणजे तलाव पूर्ण भरले हा आनंद पुढचा पाऊस वेळेवर येईपर्यंतच टिकणारा. पाऊस लांबणार असं दिसलं की दहा टक्के कपात करायची. शंभर दिवसांचं पाणी एकशे अकरा दिवस जातं. कागदावर यात कुठेही खोट नाही. खोट कागद संपून जिने सुरू होतात तिथे येते.

कपात झाली की साठवण, वितरण, प्रतवारी, गळतीशोध आणि तक्रार निवारण ही पाणीखात्याची सगळी कामं घरोघरी बिनपगारी वाटली जातात. आमच्या घरी मुख्य अभियंता बायको आहे. साठवण विभाग आईकडे. मुलीकडे जनसंपर्क, म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर जे येईल ते आतल्या खोलीतून ओरडून सांगणं. मी व्हॉल्व्हमन. ही भरती कोणत्या परीक्षेतून झाली ते मला कळलं नाही, पण या पदाला बढती नाही एवढं मात्र पहिल्याच दिवशी कळवण्यात आलं.

व्हॉल्व्हमनची पाळी पहाटे साडेचारला सुरू होते. नळ उघडून उभं राहायचं. आधी काहीच होत नाही. मग लांबून, बहुधा शेजारच्या इमारतीतून, घुर्र असा आवाज येतो. मग आपला नळ दमेकऱ्यासारखा खोकायला लागतो. फस्स, फस्स, दोन थेंब, पुन्हा फस्स. ही वाहिनीत शिरलेली हवा. मागून येणारं पाणी तिला पुढे रेटतं आणि जाता जाता ती मीटरचं चक्रही फिरवते. मीटरला हवा आणि पाणी यांतला फरक कळत नाही, त्यामुळे सुरुवातीला आपण जे विकत घेतो ते वारं असतं. त्यानंतर येतं तांबूस पाणी. वाहिनी रिकामी असताना आत दाब नसतो, आणि दाब नसला की भेगांमधून बाहेरची घाण आत शिरू शकते. पाइपातला गंज असतो तो वेगळाच. म्हणून पहिलं पाणी भरू नये असं सांगतात. म्हणजे टंचाई आहे म्हणून पाणी बंद ठेवायचं, बंद ठेवलं म्हणून ते घाण होतं, आणि घाण झालं म्हणून ते सोडून द्यायचं. मी हे तर्कशास्त्र पहाटे पावणेपाचला पाटबंधाऱ्यासारखा पाय रोवून उभा असताना समजून घ्यायचा प्रयत्न केला. आतून आवाज आला, ‘अहो, बादली सरकवा!’

साठवण विभागाचं एकच धोरण आहे : भांडं म्हणजे धरण. बादल्या, पिंप, कळश्या, पातेली तर झालीच. त्यानंतर डबे, बरण्या, फुलदाणी आणि माझं एक शालेय स्पर्धेतलं चषक. ते बक्षीस घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलं. आईच्या हिशेबाने आमच्याकडे कोणत्याही क्षणी धरणापेक्षा जास्त टक्के साठा असतो. गंमत अशी की पुढच्या पाळीला ताजं पाणी आलं की कालचं पाणी ‘शिळं’ ठरतं. मग ते ओतून भांडी पुन्हा भरायची. दिवसाआड पाणी दिलं की खप निम्मा होईल असं ज्या कुणी गणित मांडलं असेल, त्याच्या घरी आई नसावी. नळ चोवीस तास वाहता असता तर आम्ही लागेल तेवढंच घेतलं असतं. आता उद्याच्या भीतीनेही घेतो.

मुख्य अभियंत्याने मात्र काम चोख केलं. तिने पाण्याच्या प्रती पाडल्या. ‘अ’ पिण्याचं. ‘ब’ आंघोळीचं. ‘क’ म्हणजे भाज्या धुतलेलं, ते कुंड्यांना. ‘ड’ म्हणजे कपड्यांच्या मशिनचं शेवटचं पाणी, ते आधी फरशीला आणि तिथून संडासात. नामिबियाची राजधानी विंडहूक इथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळतात, असं मी तिला कौतुकाने सांगितलं. तिने माझ्याकडे, मग ‘ड’ बादलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.

या व्यवस्थेला एकच शत्रू असतो, पाहुणा. त्याला प्रती कळत नाहीत. तो निरागसपणे ‘ब’मध्ये हात बुडवतो, ‘अ’ने चूळ भरतो आणि फ्लश ओढतो. जुन्या पद्धतीच्या टाकीतून एका ओढीत नऊ-दहा लिटर पाणी जातं. तो आवाज आला की आमच्या घरात बोलणं थांबतं. आई डोळे मिटते. पाहुणा बाहेर येऊन विचारतो, ‘काय झालं, कुणाची वाईट बातमी आली का?’

सोसायटीच्या पातळीवर हाच कारभार जरा मोठ्या आवाजात चालतो. आमचे सेक्रेटरी वाचन करणारे आहेत, हे संकट आम्हाला आधी जाणवलं नव्हतं. त्यांनी खास सभा बोलावून दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनची कथा सांगितली. १ फेब्रुवारी २०१८ पासून तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती. धरणांतला साठा १३.५ टक्क्यांवर आला की घरांचे नळ बंद करायचे आणि लोकांनी रांगा लावून माणशी २५ लिटर घेऊन जायचं, असा बेत होता. त्या दिवसाला त्यांनी ‘डे झिरो’ नाव दिलं. लोक इतके घाबरले आणि इतकं पाणी वाचवलं की तो दिवस उजाडलाच नाही. ‘भीती!’ सेक्रेटरी टेबलावर हात आपटून म्हणाले. ‘नागरिकांना नीट भीती घालता आली पाहिजे.’ त्यांना सर्वांत आवडला होता तो तिथल्या महापालिकेने प्रसिद्ध केलेला नकाशा. ज्या घराचा वापर मर्यादेत, त्या घरावर हिरवा ठिपका. सगळ्या गावाने बघावा असा.

आमच्याकडे ठिपके दारांवर चिकटवायचं ठरलं. आता इमारतीला मीटर एकच. कोणत्या घरात किती पाणी जातं हे परमेश्वरालाही सांगता येणार नाही. त्यामुळे ठिपका कुणाला द्यायचा हे निरीक्षणाने ठरू लागलं. ओले केस घेऊन बाहेर पडणं ही बेपर्वाई झाली. स्वच्छ गाडी हा पुरावा झाला. पहिल्या मजल्यावरच्या एका वहिनींच्या कुंडीतलं जास्वंद भलतंच टवटवीत दिसतंय अशी तक्रार ग्रुपवर फोटोसकट आली. त्यांनी ‘क’ पाणी घालते असा खुलासा केला, तर आमच्या घरची प्रतवारी चोरल्याबद्दल बायको नाराज. आठवड्याभरात ठिपके आपोआप गळून पडले. गोंद पाण्यात कालवायचा होता. समितीने तिथेही काटकसर केली होती.

मग टँकर. टँकर येणार असतो तेव्हा येत नाही, आणि सगळे कामावर गेले की येतो. त्याच्या मागच्या झडपेतून कायम एक धार लागलेली असते. टंचाईच्या काळात शहरात पाणी कुठे आहे हे ओळखायचं असेल तर रस्त्यावरची ओली रेघ बघत जावं, टँकर सापडतोच. टँकर अपुरा पडतोय म्हटल्यावर सेक्रेटरींनी रेल्वेचा विषय काढला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. २०१९च्या जुलैत जोलारपेट्टईहून चेन्नईला गेली. ‘मग आपल्याला का नाही?’ आपल्या गल्लीत रूळ नाहीत, हे टीएमसीवाल्या गृहस्थांनी लक्षात आणून दिलं. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

आता गळतीची गोष्ट. फाटकाबाहेर रस्त्यालगत मोठ्या वाहिनीतून पाणी वर यायचं. पाणी यायच्या दिवशी पहाटे तिथे छान झरा लागायचा, चिमण्या आंघोळ करायच्या, त्यांना माणशी मर्यादा नव्हती. आम्ही तक्रार केली. गळती ही किरकोळ बाब नाही. टोकियोने पिढ्यान् पिढ्या या कामाला माणसं जुंपून गळती तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आणली आहे. रात्री रहदारी थांबल्यावर त्यांचे लोक जमिनीला यंत्र लावून पाण्याची कुजबुज ऐकत फिरतात. आमच्याकडेही पथक आलं, नाही असं नाही. ते कोरड्या दिवशी, सकाळी अकराला आलं.

‘कुठे आहे गळती?’ पथकप्रमुखांनी विचारलं.

‘इथे. पण आज पाणी नाही.’

‘पाणी नाही तर गळणार काय?’

यावर उत्तर नव्हतं. उद्या पहाटे या, असं सेक्रेटरींनी सुचवलं. पहाटे खात्याची सगळी माणसं चाव्या फिरवायला गेलेली असतात, असं कळलं. ज्या दिवशी माणसं मोकळी असतात त्या दिवशी पाणी नसतं, आणि पाणी असतं त्या दिवशी माणसं नसतात. यात कुणाचा दोष म्हणावा? वाहिनीत दाब असल्याशिवाय गळती दिसत नाही आणि टंचाईत तर दाब मुद्दाम कमी ठेवतात. दाब उतरवला की गळतीही कमी होते, हे शास्त्राला धरूनच आहे. शेवटी अंदाजाने एक भला मोठा खड्डा खणण्यात आला. आत तीन निरनिराळे पाइप आणि एक केबल सापडली. त्यांतला आपला कोणता यावर बराच वेळ चर्चा झाली. दुपारी केबलवाल्यांचा माणूस आला, तो वेगळ्याच कारणाने चिडलेला होता. संध्याकाळी खड्ड्याभोवती दोरी बांधून आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावून पथक निघून गेलं. पुढच्या पहाटे झरा खड्ड्यापासून हातभर लांब लागला.

त्यानंतर स्मरणपत्रं गेली, पोच आल्या, तक्रारीला क्रमांक मिळाला, क्रमांकाला उपक्रमांक मिळाला. दरम्यान पाऊस सुरू झाला. धरणाचा टक्का दिवसाला दोन-दोनने वाढायला लागला, लिफ्टमध्ये पुन्हा क्रिकेट आलं. कपात मागे घेतल्याचं जाहीर झालं, तरी मुख्य अभियंत्याने खातं बरखास्त केलेलं नाही. हंगामी पदं कायम करण्याची पद्धत सगळीकडेच असते.

आणि मग भर पावसात, फेरतपासणीचं पथक आलं. खड्डा तुडुंब भरला होता. पाटी त्यात तरंगत होती. पथकप्रमुखांनी छत्री सेक्रेटरींच्या हातात दिली, खड्ड्यात एक काठी बुडवून खोली बघितली, समाधानाने मान हलवली आणि तक्रारीच्या कागदावर शेरा मारला : ‘जागेवर समक्ष पाहणी केली. मुबलक पाणी आढळले. तक्रार निकाली.’