आधी तिच्या बहिणीशी बोला

अपंग बाईशी कसं वागावं हे लोकांना कळत नाही, अशी तक्रार कानावर येते. मला ती खोटी वाटते. लोकांचा हात चांगलाच बसलेला आहे. तरी एखाद्या नवख्याची पंचाईत व्हायला नको म्हणून थोडं मार्गदर्शन करते. लहानपणीच पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, काखेत कुबड्या. तेव्हा माझा अनुभव दांडगा आहे.

सुरुवात कौतुकानं करावी. "चेहरा किती गोड आहे गं!" म्हणावं, नजर हळूच कॅलिपरवर न्यावी आणि गप्प बसावं. पुढचं वाक्य आम्हाला पाठ असतं.

तिनं लिपस्टिक लावली असेल तर "आज काय विशेष?" एवढंच विचारावं.

कपडे सैल सुचवावेत. पाय झाकला की तुम्हाला बरं वाटतं.

तिचा नवरा देवमाणूस आहे हे त्याला तिच्यादेखतच सांगावं. (आमचा देवमाणूस ओला टॉवेल गादीवर टाकतो. देवत्वाला त्यानं बाध येत नाही.)

तिच्या पायाला काही जाणवत नाही, असं धरून चालावं. पोलिओचा विषाणू स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो, स्पर्शाच्या नाही, असल्या माहितीनं उगाच गोंधळ होतो. मला चिमटा कळतो, गुदगुल्या कळतात, कुणाचा हात हवासा आणि कुणाचा नकोसा तेही कळतं. पण हे ऐकायला तुम्हाला अवघड जाईल, सोडा.

आता मुख्य धडा, दवाखान्याचा. तो मी परवाच घेऊन आले. बरोबर धाकटी बहीण होती, गाडी चालवायला. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, "यांना काय होतंय?" मी म्हटलं, गर्भनिरोधक गोळीबद्दल विचारायचंय. पेन थांबलं. "कुणासाठी?" माझ्यासाठी. बाई बहिणीकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मनानं किती खंबीर आहेत हो या!" माझा प्रश्न साधा होता. इस्ट्रोजेनच्या गोळीनं रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, माझा एक पाय फारसा हलत नाही, मग ही गोळी मला चालेल का? खरं तर हे त्यांनीच मला विचारायला हवं होतं. उत्तराऐवजी त्यांनी माझ्या कुबड्या उचलल्या आणि पार कोपऱ्यात नेऊन ठेवल्या, "अडचण नको" म्हणून. कुणाची अडचण? आता मी खुर्चीला खिळलेली आणि माझे पाय भिंतीला टेकून उभे! गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही करून घ्यायची होती. टेबल माझ्या छातीएवढं उंच. खाली-वर होणारी टेबलं मिळतात, पण ती मागवायची तर आमच्यासारख्या तिथे येतात हे आधी मान्य करावं लागेल. "राहू दे, तुम्हाला काय गरज," बाई म्हणाल्या. नवरा बाहेर बसलेला नव्हता, म्हणून तो अस्तित्वातच नसावा. आणि नवरा नसता, तरी त्यांना काय करायचं होतं?

शेवटचा सल्ला, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींच्या घरच्यांना: गर्भपिशवी काढून टाका. पाळीची कटकट मिटते, काळजी मिटते.

कसली काळजी मिटते हो? पिशवी काढल्यानं बलात्कार थांबत नाही, गर्भ राहत नाही एवढंच. म्हणजे पुरावा राहत नाही, आणि करणाऱ्याची काळजी मिटते. अमेरिकेतल्या कॅरी बकवर बलात्कार झाला, ती गरोदर राहिली, तर तिलाच मंदबुद्धी ठरवून संस्थेत टाकलं. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या नसबंदीला मंजुरी दिली. तिच्या बुद्धीत काही खोट नव्हती, हे पुढे उघड झालं. पण असती तरी? अपंगांच्या हक्कांबद्दलच्या २००६ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, कलम २३ मध्ये, लग्न, मुलं आणि प्रजननक्षमता शाबूत ठेवण्याचा हक्क अपंगांनाही इतरांइतकाच आहे असं लिहिलंय. सह्या भराभर झाल्या. टेबल काही खाली आलं नाही.

आणि एकाच दमात दोन गोष्टी बोलता तुम्ही. "तिच्याकडे कोण बघणार?" आणि "तिला एकटी सोडू नका." कुणी बघणारच नसेल तर भीती कुणाची? तुम्हाला पक्कं माहीत असतं कुणाची. फक्त तिलाही कुणी आवडू शकतं, तिलाही रात्री कुणी जवळ हवंसं वाटतं, हे म्हटलं की तुमचे चेहरे पडतात. लाज तुम्हाला वाटते आणि दडून आम्ही बसायचं? नाही बसणार.

पुढच्या आठवड्यात मी परत त्याच दवाखान्यात जाणार आहे. या वेळी रिक्षानं, एकटी. कुबड्यांना हात लावायचा नाही. बोलायचं ते माझ्याशी. गोळीचं उत्तर अजून बाकी आहे.