आधी टाकी, मग प्लॉट

दादाचा व्हिडिओ आला तेव्हा इथं अमेरिकेत पहाटेचे सहा वाजत होते आणि गावी सभा संपून सतरंज्या गोळा होत होत्या. चार मिनिटांचा व्हिडिओ. मागं पाण्याची जुनी टाकी, समोर पन्नास-साठ माणसं, आणि माइक हातात धरून बोलणाऱ्या नगराध्यक्षपदाच्या अपक्ष उमेदवार. त्यांचं औषधाचं दुकान आहे. पद महिलांसाठी राखीव झालं की फलकावर नवऱ्याचा फोटो बायकोपेक्षा मोठा छापायची आमच्याकडची रीत. या बाई मात्र स्वतः बोलत होत्या, कागद न बघता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. गावाला पाणी तीन दिवसांआड येतं. टाकी जुन्या गावाच्या हिशोबानं बांधलेली, आणि गावाच्या चारी अंगांना ले-आउट पडत चाललेत. म्हणून पहिलं वर्षभर एकाही नव्या ले-आउटला नळजोडणीचं पत्र मिळणार नाही. आधी टाकी, मग प्लॉट. आणि हद्दवाढ? आत्ता हद्दीत असलेल्या वस्त्यांना गटारं मिळाली नाहीत तोवर तिचं नाव काढायचं नाही.

व्हिडिओखाली दादाचे दोन शब्द: ‘बाई पडणार.’

त्याला कारण आहे. त्या पन्नास-साठ श्रोत्यांत निम्म्यांचा तरी प्लॉटिंगशी कुठून ना कुठून संबंध असणार. कुणाची जमीन, कुणाची दलाली, कुणाचं जेसीबी, कुणाचं स्टॅम्प पेपरचं टेबल. ऊस परवडत नाही म्हणून पोरानं बापाला पटवून दीड एकर ‘पाडलं’, त्यातून बहिणीचं लग्न झालं आणि घरावर स्लॅब पडला, असं घर आमच्या गल्लीत एक नाही, तीन आहेत. त्यांना ‘थांबा’ म्हणणं म्हणजे काय ते त्या बाईंना कळत नसेल असं नाही. तरी त्या म्हणाल्या.

२ डिसेंबर २०२५ ला महाराष्ट्रात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचं मतदान ठरलं होतं. बहुतेक ठिकाणच्या मुदती २०२१ च्या अखेरीपासून संपत गेल्या आणि तेव्हापासून प्रशासकच गावं चालवत होते. म्हणजे जवळजवळ चार वर्षं गाव वाढत राहिलं आणि ‘हे कुणी मंजूर केलं?’ असं ज्याच्या ओट्यावर जाऊन विचारता येईल असा माणूसच नव्हता. अधिकारी बदलून गेले. ले-आउट राहिले. या निवडणुकीत वाढीचा प्रश्न कुणीतरी नाव घेऊन मांडला याचंच मला आधी बरं वाटलं.

आणि दुसरं म्हणजे, मी जिथं राहतो तिथं हे बाईंचं म्हणणं कायदा आहे.

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो म्हणून गाव आहे. चिपचे कारखाने, आणि त्यामागं आलेली आमच्यासारखी मंडळी. ओरेगननं १९७३ साली कायदा केला की प्रत्येक शहरानं आपल्याभोवती वाढीची सीमा आखायची. आत पुढच्या वीस वर्षांच्या घरांना पुरेल इतकी जमीन ठेवायची. बाहेर शेती आणि जंगल. टॉम मॅकॉल हे तेव्हाचे गव्हर्नर. त्यांनी त्याआधी बाहेरच्यांना उघड सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा या, पण राहायला येऊ नका. आपल्याकडं असं बोलून कोण निवडून येईल? ते दोनदा आले होते, पण हे बोलले दुसऱ्यांदा निवडून आल्यावर.

ही सीमा डोळ्यांना दिसते, हे मला पहिल्या वर्षी खरं वाटत नव्हतं. पश्चिमेकडं गाडी काढली की एका जागी रस्त्याच्या डाव्या हाताला तीनमजली घरांची रांग, आणि उजव्या हाताला हेझलनटच्या बागा, गवताच्या बियाण्याची शेतं, पार डोंगरापर्यंत. मध्ये ‘एनए प्लॉट उपलब्ध’ असा एकही फलक नाही. सीमेबाहेरच्या खास शेतीपट्ट्यात सर्वसाधारणपणे ८० एकरांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. आमच्याकडं बोलणी गुंठ्यात होतात, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. ८० एकर म्हणजे ३,२०० गुंठे. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग तिथले एजंट खातात काय?’

शिवाय इथं नवं घर बांधणाऱ्याकडून पाणी, सांडपाणी, रस्ते, बागा यांचं एकरकमी शुल्क घेतात. एका घरामागं हजारो डॉलर. आधी टाकी, मग प्लॉट, आणि टाकीचे पैसे प्लॉटवाल्याकडून. तेव्हा व्हिडिओ बघून मी खूष झालो आणि दादाला लांबलचक उत्तर टाइप करायला बसलो. परदेशातल्या माणसाला हे फार आवडतं. इकडचा एक कायदा उचलायचा आणि तिकडं फोनवरून लावून टाकायचा.

उत्तर पाठवलं नाही. टाइप करता करताच अडखळलो.

इथली सीमाही काही सुखासुखी टिकलेली नाही. २००४ साली इथल्याच मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला: जमिनीवरच्या नियमांमुळं किंमत घटली तर सरकारनं मालकाला भरपाई द्यावी, नाहीतर नियम सोडून द्यावा. भरपाईला पैसा कुणाकडं होता? शेतांत वसाहतींचे अर्ज पडू लागले, तेव्हा २००७ मध्ये त्याच मतदारांनी दुसरा प्रस्ताव मंजूर करून त्याला लगाम घातला. म्हातारा शेतकरी उभा राहून म्हणतो की माझी जमीन, पोरं शेती करत नाहीत, मग मी का विकू नये? हा प्रश्न मी मराठीत ऐकलाय आणि इंग्रजीतही. आवाज तोच असतो.

घरांच्या किमती हे दुसरं दुखणं. त्याला सीमा किती जबाबदार यावर इथं रोज भांडणं होतात. तिला सगळा दोष देणं मला पटत नाही, पण जमीन मोजून-मापून दिली की आतल्याची चंगळ होते हे नाकारूनही चालत नाही. माझ्या मुलाच्या शाळेतल्या बाई पाऊण तास गाडी चालवून येतात, कारण त्यांना इथं घर परवडत नाही. २०१९ मध्ये राज्यानं मोठ्या शहरांना सांगितलं की फक्त एकाच कुटुंबाच्या घरासाठी राखलेल्या गल्ल्यांतही जोडघरं, चौघरं होऊ द्या. सीमा आखल्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी सुचलेलं शहाणपण. बाहेर पसरायचं नाही तर आत दाटीनं राहायला हवं, हे पहिल्या दिवसापासूनच उघड होतं; पण आपल्या शेजारी दाटी कुणाला हवी असते?

पण मला अडखळवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. इथली सीमा टिकते, कारण तिच्या पलीकडंही कायदा आहे. आमच्या गावी नगरपरिषदेची हद्द संपली की ग्रामपंचायत सुरू होते, आणि तिथं नगराध्यक्षांचा शब्द चालत नाही. बाईंनी पत्र अडवलं तर ज्याला रीतसर ले-आउट करायचा तो अडेल. ज्याला रीतसर करायचाच नाही, त्याचं काय? तो हद्दीपासून दोनशे मीटर पुढं जाईल, दहा-अकरा जणांच्या नावे सामाईक खरेदीखत करील, चुन्याच्या फक्कीनं रस्ता आखील, बोअर मारील. झाली गुंठेवारी.

आणि तो चुकतो असं तरी कसं म्हणावं? शेतजमिनीचे लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, तेव्हाच्या १ जानेवारीपर्यंतच्या प्लॉटसाठी. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. २०२५ मध्ये एक गुंठ्यापर्यंतचे व्यवहार नियमित करण्याची घोषणा झाली. ज्यानं वाट पाहिली, परवानगी मागितली, शुल्क भरलं तो मूर्ख ठरला, आणि ज्यानं फक्की मारली तो दूरदर्शी. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली त्यांना रस्ता, पाणी मिळायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण वीस वर्षांनी रेघ सरकणारच आहे हे ज्याला ठाऊक आहे तो रेघेला का भ्यावा?

मग एक दिवस हद्दवाढ होते आणि सगळं आत येतं. पुण्यात २०१७ साली ११ गावं घेतली, २०२१ साली आणखी २३. घेताना कागदावर गावं होती. प्रत्यक्षात सहा-सहा मजल्यांच्या इमारती, दहा फुटी गल्ल्या आणि टँकर होते. शहर वाढल्यावर नकाशा काढायचा, ही आपली पद्धत.

म्हणून बाईंची घोषणा मला आता निम्मी पटते. पाणी नाही तर जोडणी नाही, हे बरोबरच आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. ज्यानं ती वाघिणींची रांग बघितली त्याला ‘पाण्याचं नंतर बघू’ हे वाक्य बोलवणार नाही. पण वर्षभर सरसकट पत्र बंद म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणं. त्यापेक्षा बाईंनी नगरपरिषदेच्या हातात जे खरोखर आहे ते मागावं. विकास शुल्क जमा होतं, ते कुठल्या नळावर खर्च झालं याचा फलक टाकीखाली लावावा. विकास आराखड्यात शाळेसाठी, बागेसाठी, भाजीबाजारासाठी जी आरक्षणं आहेत, त्यांची यादी वाचून दाखवावी. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेऊ शकतो, आणि गावोगावी बागा अशाच निसटतात, गाजावाजा न होता. आमच्या गल्लीमागची जागा मला लहानपणापासून ‘बागेची जागा’ म्हणून माहीत होती. गेल्या वेळी आलो तर तिथं मंगल कार्यालय.

नव्या आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर असतो, गट नंबर मुंगीएवढे. तो मोठा करून चौकात लावा. ग्रामपंचायतींच्या सरपंचांना बोलावून हद्दीपलीकडच्या एक-दोन किलोमीटरचे रस्ते तरी आत्ताच ठरवा. या मागण्यांना टाळ्या पडणार नाहीत, हे कबूल. ‘आधी टाकी, मग प्लॉट’ला पडल्या, आणि निवडणुकीत त्याही लागतात. इथल्या मतपत्रिकेवर नगरसेवकाच्या उमेदवाराच्या नावापुढं पक्ष नसतो, आणि मतदानाआधी पोस्टानं पुस्तिका येते, तीत उमेदवारांनी आपलं म्हणणं मांडलेलं असतं. ती वाचताना मला कित्येकदा झोप येते. बाईंच्या चार मिनिटांत आली नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

२०१६ साली मी दादामार्फत गावाबाहेर अडीच गुंठे घेतले. रीतसर, एनए, नळजोडणीच्या पत्रासकट. तारेचं कुंपण घातलं, एक आंबा लावला, तो जळाला. ले-आउटमध्ये चाळीसेक प्लॉट आणि घरं सहा. बाकीचे मालक दुबईला, बंगळूरला, पुण्याला, आणि एक हिल्सबरोला. त्या सहा घरांसाठी नगरपरिषदेनं आमचे सगळे रिकामे प्लॉट ओलांडत पाइप नेला आहे, दिव्याचे खांब नेले आहेत, घंटागाडी जाते. मी मोकळ्या जागेचा वर्षाला जो कर भरतो, त्यात इथं चौघांचं एक जेवण होणार नाही. गावात मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला तीन दिवसांआड पाणी येतं.

बाई निवडून आल्या आणि नवी पत्रं बंद झाली, तर माझं काय बिघडेल? काहीच नाही. माझं पत्र झालेलं आहे. उलट नवे प्लॉट थांबले की जुन्याचा भाव चढेल. सीमेच्या आतल्याची चंगळ म्हणतात ती हीच, आणि मी तिच्यात दोन्ही देशांत बसलोय. व्हिडिओ बघून मला जो आनंद झाला, त्यात पाण्याची काळजी किती आणि अडीच गुंठे किती, हे त्या पहाटे मला वेगळं करता आलं नाही.

बाईंना माझ्याकडून एकच सुचवायचं होतं: नवे ले-आउट अडवण्याआधी मंजूर ले-आउटमधले रिकामे प्लॉट मोजा. पाच वर्षं पडून राहिलेल्या प्लॉटवर दरवर्षी चढता कर लावता येतो का, ते मुख्याधिकाऱ्यांना विचारा. नियमात बसत नसेल तर सरकारकडं ठराव पाठवा. पाइप जिथं पोचलाय तिथं आधी घरं होऊ देत. माझं नाव गावच्या मतदारयादीतून कधीच गळालंय, म्हणून दादाला लिहिलं, एवढं त्यांच्या कानावर घाल.

त्याचं उत्तर दुपारी आलं, म्हणजे त्याच्या मध्यरात्री. ‘सांगतो. तुझा काढायचाय का? गिऱ्हाईक आहे. पण निकालापर्यंत थांब, बाई आल्या तर गुंठ्याला लाखभर जास्त येतील.’

मी अजून काही कळवलेलं नाही.